कडूपणाला गुण किती?

सुंदर हस्ताक्षरानें आम्हां शिक्षकांना पुष्कळदां फसविलें आहे. अमेरिकेंत १९८५ सालीं सुरू झालेल्या ‘बीअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम’ची गुणपत्रिका या बाबतींत सावध दिसते. ५० पैकीं रूपाला अवघे ३ गुण. वासाला १२, चवीला २०!

‘डबल इंडिया पेल एल’ ही जहाल जात घ्या. नांवांतील ‘इंडिया’ हें विलायतेहून गलबतांतून आपल्याकडे येणाऱ्या बीअरचें स्मरण. हींत मद्यार्क शेंकडा ७.५ ते १०. मोड आणून वाळविलेल्या सातूच्या रसांत हॉप वेलीचीं फुलें तासभर उकळलीं कीं कडूपणा उतरतो, पण सुगंधी तेलें वाफेबरोबर उडतात. म्हणून वासाकरितां आणखी फुलें अगदीं अखेरीस घालतात. हा वास अल्पायुषी. यास्तव पेला भरतांच आधीं नाक, मग घोट. संत्र्याच्या सालीचा किंवा देवदाराचा दरवळ यावा. घोट गिळल्यावर कडूपणा रेंगाळावा. मात्र त्यानें घसा खरवडूं नये. नवखा परीक्षक नुसत्या कडूपणालाच गुण देऊन बसतो, ही माझ्या मतें मोठी चूक. मद्यार्काचा चटका लागला तर गुण कापावेत. आणि जुन्या बाटलींतून भिजल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर दयामाया नको.