औषधालयाचे दप्तर आणि संगणकीय करविवरण

आयुर्वेदीय औषधनिर्मात्याच्या दप्तरात पूर्वी दोन वह्या असत. एका वहीत कोणत्या कल्पात कोणते द्रव्य किती पडले, सिद्ध औषध किती मिळाले याची नोंद होई. ती वैद्य लिहीत असे. दुसरी वही खरेदीविक्रीची. ती मुनिमाकडे असे. दोघांची गाठ वर्षाअखेरीस पडली तरी काम भागत असे. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ रोजी व्हॅट आला व १ जुलै २०१७ पासून देशभर वस्तू व सेवा कर लागू झाला. आज या दोन्ही वह्या टॅली, मार्ग ईआरपी अथवा मोठ्या निर्मात्यांकडे सॅप यांसारख्या एकाच हिशेबप्रणालीत आहेत आणि त्या प्रणालीतील आकडे थेट शासनाच्या पोर्टलवर जात आहेत. म्हणूनच हा विषय केवळ करसल्लागाराचा राहिलेला नाही, असे आम्हास वाटते.

नोंदणी कोणास आवश्यक?

अधिकृत चिकित्सकाने दिलेली चिकित्सासेवा करमुक्त आहे आणि आयुर्वेद ही मान्यताप्राप्त चिकित्सापद्धती असल्याने आपले सल्लाशुल्क व चिकित्साकर्म यांवर कर नाही. केवळ करमुक्त सेवा देणाऱ्या वैद्यास नोंदणीचीही गरज नाही. परंतु बाह्यरुग्णास औषधे स्वतंत्रपणे विकली की ती करपात्र विक्री ठरते.

येथे पुष्कळांचा गैरसमज आढळतो. उलाढालीची ४० लाख रुपयांची मर्यादा ही केवळ वस्तूंची विक्री करणाऱ्यासाठी आहे. जो वैद्य शुल्कही घेतो आणि औषधेही विकतो, त्याच्यासाठी मर्यादा २० लाखांची आहे. आणि त्या उलाढालीत करमुक्त असलेले चिकित्साशुल्कसुद्धा धरले जाते. म्हणजे औषधविक्री सहा लाखांची व शुल्क पंधरा लाखांचे असेल, तरी मर्यादा ओलांडली गेली.

दुसरी बाब परराज्यातील विक्रीची. पुण्याचा वैद्य इंदूरच्या किंवा बेळगावच्या रुग्णाला कुरिअरने औषधे विकत पाठवतो, तेव्हा तो आंतरराज्य पुरवठा होतो. करपात्र वस्तूंच्या अशा पुरवठ्यास उलाढाल कितीही अल्प असली तरी नोंदणी आवश्यक आहे. तसेच, स्वतःच्या रुग्णांसाठी औषध करणाऱ्या वैद्यास औषध कायद्याने निर्मितीपरवान्यातून सूट दिली आहे. ती सूट परवान्यापुरतीच आहे, कराची नाही.

ई-इन्व्हॉइस म्हणजे नेमके काय?

ई-इन्व्हॉइस म्हणजे संगणकावर छापलेले किंवा ई-मेलने पाठवलेले बिल नव्हे. हिशेबप्रणालीत तयार झालेल्या बिलाचा तपशील ठरावीक साच्यात शासनमान्य नोंदणी पोर्टलवर जातो. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, दस्तऐवजाचा प्रकार, बिल क्रमांक व आर्थिक वर्ष यांवरून तेथे ६४ वर्णांचा एक अनन्य संदर्भ क्रमांक तयार होतो आणि सांकेतिक स्वाक्षरी असलेला क्यूआर कोड परत मिळतो. तो कोड बिलावर छापला जातो. ज्याला हा नियम लागू आहे त्याने या क्रमांकाविना बिल दिले, तर कायद्याच्या दृष्टीने ते बिलच नव्हे.

ही पद्धत १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींवरील उलाढालीपासून सुरू झाली. मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ती ५ कोटींवर आली आहे. २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही एका वर्षात उलाढाल ५ कोटींवर गेली असेल, तर पुढे ती घटली तरी नियम लागू राहतो. एखाद्या वर्षी काढ्यांना व च्यवनप्राशाला विशेष मागणी आली आणि नंतर ती ओसरली, अशा निर्मात्यांनी जुने आकडे अवश्य पडताळावेत.

नोंदणीकृत व्यापाऱ्यास केलेली विक्री, निर्यात व त्यांवरील क्रेडिट नोटा यांसाठी ही पद्धत आहे. रुग्णास दिलेल्या किरकोळ बिलास नाही. चूक झाल्यास २४ तासांच्या आत क्रमांक रद्द करता येतो, पण तोच बिल क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. त्या बिलावर ई-वे बिल चालू असेल, तर आधी ते रद्द करावे लागते. २४ तासांनंतर क्रमांक रद्द करता येत नाही; मग सामान्यतः क्रेडिट नोटचा मार्ग घ्यावा लागतो. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी व त्यावरील उलाढालीच्या विक्रेत्यांना बिलाच्या दिनांकापासून ३० दिवसांनंतर ते पोर्टलवर नोंदवताच येत नाही. महिनाअखेरीस एकदम बिले चढवण्याची सवय सोडलेलीच बरी.

मालवाहतुकीचे ई-वे बिल हे यापासून वेगळे. परराज्यात ५० हजार रुपयांवरील मालास, तर महाराष्ट्रांतर्गत एक लाखावरील मालास ते लागते. बहुतेक प्रणालींत ई-इन्व्हॉइससोबतच ते तयार करता येते.

मोठ्याच्या विवरणावर लहानाचे भांडवल

पाच कोटींच्या आतील औषधालयाने ‘हे आमचे काम नव्हे’ असे म्हणून चालणार नाही. १ जानेवारी २०२२ पासून खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट, पुरवठादाराने ते बिल आपल्या विवरणात दाखवले व ते आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये उतरले, तरच मिळते. बिल हाती आहे, पैसे चुकते झाले, माल विकलाही गेला. तरीही पुरवठादाराने विवरण भरले नाही तर भुर्दंड खरेदीदाराला. औषधविक्रीतील तोटके नफ्याचे प्रमाण पाहता काही महिन्यांची अडकलेली वजावट लहान दुकानाचे खेळते भांडवल खाऊन टाकते.

ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर बिल-व्यवस्थापनाची सोय झाली आहे. तेथे आलेले प्रत्येक बिल स्वीकारता, नाकारता अथवा प्रलंबित ठेवता येते. काहीच न केल्यास ते स्वीकारले असे समजले जाते. आपण न घेतलेल्या मालाचे बिल किंवा मान्य नसलेली क्रेडिट नोट तशीच राहू नये, यासाठी दरमहा खरेदीची नोंदवही व २बी यांचा मेळ घालावा. हल्लीच्या प्रणालींत हा मेळ यंत्रच लावून देते. फरक का पडला हे मात्र माणसानेच पाहावे लागते.

विक्रीच्या बाजूसही असेच आहे. जीएसटीआर-१ मधील आकडे ३बी मध्ये आपोआप उतरतात. दुरुस्तीसाठी २०२४ पासून जीएसटीआर-१ए आहे. मासिक विवरणासाठी अनुक्रमे ११ व २० तारीख, तर पाच कोटींपर्यंत उलाढाल असून त्रैमासिक पद्धत निवडलेल्यांना महाराष्ट्रात तिमाहीनंतरची १३ व २२ तारीख पाळावी लागते. त्रैमासिक विवरण भरणाऱ्यांनी मधल्या दोन महिन्यांतील व्यापारी बिले १३ तारखेपर्यंत स्वतंत्र सुविधेद्वारे चढवली, तर त्यांच्या ग्राहकांची वजावट अडत नाही. घाऊक ग्राहक टिकवण्याचा तो सोपा उपाय आहे.

द्रव्यज्ञान आणि वस्तूंचा मास्टर

प्रणालीत प्रत्येक वस्तूचे नाव, एकक, एचएसएन क्रमांक व कराचा दर एकदाच नोंदवला जातो. त्यालाच मास्टर म्हणतात. पुढची सहस्रावधी बिले त्यावरूनच उमटतात. तो भरण्याचे काम द्रव्य न ओळखणाऱ्या लेखनिकावर सोपवणे घातक आहे.

उदाहरणार्थ, ताजी वनौषधी करमुक्त, तर तीच वाळलेली ५ टक्के दराची. ओला अडुळसा व वाळलेला अडुळसा या दोन स्वतंत्र नोंदी हव्यात. सिद्ध औषधांत प्रमाणग्रंथोक्त कल्पांना ५ व पेटंट औषधांना १२ टक्के असा भेद पूर्वी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून सर्वच आयुर्वेदीय औषधांवर ५ टक्के दर आहे. हा बदल मास्टरमध्ये झाला आहे का, हे प्रत्येकाने तपासावे. मात्र याचा अर्थ दुकानातील सर्वच वस्तू ५ टक्क्यांत आल्या असा नाही. त्वचेचे सौंदर्यप्रसाधन म्हणून विकले जाणारे लेप व क्रीम १८ टक्क्यांतच आहेत. औषध की प्रसाधन, हा निर्णय परवाना, लेबल व उपयोग पाहून घ्यावयाचा असतो.

दर उतरल्याने निर्मात्यांपुढे नवा प्रश्न आला आहे. आसवारिष्टांच्या बाटल्यांवर १८ टक्के कर भरायचा आणि विक्रीवर ५ टक्के घ्यायचा, यामुळे वजावट साचत जाते. अशा साचलेल्या रकमेचा परतावा कायद्याने मागता येतो. पण तो मालावरील कराचा, सेवांवरील कराचा नाही. म्हणून खरेदीची नोंद करतानाच माल व सेवा वेगळ्या ठेवाव्यात.

घट, वाढ आणि निर्मितीचा हिशेब

नोंदणीकृत निर्मात्याने दरमहा किती कच्चा माल वापरला, किती औषध सिद्ध झाले व किती टाकाऊ गेले, याचा संख्यात्मक हिशेब ठेवणे जीएसटीच्या नियमांतही बंधनकारक आहे. शेड्यूल टी खालील बॅचनोंदी आणि हा हिशेब परस्परांशी जुळले पाहिजेत.

गुळवेल वाळवली की वजन घटते, गुग्गुळ शोधनात गाळ निघतो, काढा चतुर्थांश उरतो, भावना दिल्याने चूर्णाचे वजन वाढते, धातूच्या भस्मीकरणात ते क्वचित वाढतेही. वैद्यास यात नवल नाही. परंतु शंभर किलो खरेदी व तीस किलो औषध एवढेच आकडे तपासणी अधिकाऱ्यापुढे गेले, तर उरलेला माल बिलाविना विकला काय, अशी शंका त्यांना येणे स्वाभाविक आहे. नष्ट झालेल्या मालावरील वजावट परत करावी लागते. प्रक्रियेत स्वभावतः येणारी घट ही तशी नासाडी नव्हे, हे नोंदींनीच दाखवता येते. यासाठी प्रत्येक कल्पाची अपेक्षित घट वैद्याने लेखी ठरवून प्रणालीतील निर्मितीसूत्रात घालावी आणि प्रत्यक्षात फरक पडल्यास कारण तेथेच नोंदवावे. मुदतबाह्य होऊन नष्ट केलेली औषधे व विनामूल्य वाटलेले नमुने यांवरील वजावट मात्र परत करावीच लागते. त्यांची नोंद निराळी ठेवावी.

काही व्यावहारिक सूचना

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी म्हणून चालणाऱ्या फार्मसींना १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक फेरफाराचा माग राखणारीच हिशेबप्रणाली वापरणे बंधनकारक आहे व तो माग बंद ठेवता येत नाही. एकल मालकी व भागीदारीस हे बंधन नसले, तरी आम्ही ते पाळावे असेच सुचवू. पोर्टलचा सांकेतिक शब्द व मोबाइल क्रमांक मालकाच्या स्वाधीन असावा. लेखनिकास अथवा सल्लागारास स्वतंत्र उपखाते द्यावे. हिशेबाची प्रत दररोज दुसऱ्या साधनावर घ्यावी. वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने दप्तर जपावे लागते; तेवढ्या अवधीत संगणक बदलतो, नोकरही बदलतात.

विवरण भरण्याचे काम करसल्लागाराचे आहे आणि ते त्यांनीच करावे. परंतु द्रव्य कोणते, ते ओले की सुके, किती आटले व किती उरले, हे त्यांना सांगणारा वैद्यच असला पाहिजे. येत्या तिमाहीचे विवरण भरण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या लेखनिकाशेजारी बसून वस्तूंचा मास्टर एकदा आरंभापासून वाचून काढावा, एवढेच आमचे सर्व वैद्यबंधुभगिनींस व औषधालयचालकांस सांगणे आहे.