परसातील पपई

परसात लावण्याजोग्या फळझाडांत पपईइतके लवकर फळणारे झाड क्वचितच आढळते. मूळची उष्ण अमेरिकेतील ही पपई सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत भारतात आली. तिच्या पिकलेल्या फळातून बालकांच्या दृष्टीस आवश्यक असे 'अ' जीवनसत्त्व मिळते.

ताज्या बियांवरील बुळबुळीत आवरण उगवणीस अडथळा करते. म्हणून बी राखेत चोळून धुवावे व सावलीत सुकवावे. एप्रिलमध्ये ते पिशव्यांत पेरल्यास दोन-तीन आठवड्यांत उगवते. रोपे वीतभर उंच झाली म्हणजे पावसाच्या आरंभी, दीड फूट लांब, रुंद व खोल खड्ड्यात शेणखत मिसळलेली माती भरून लावावीत.

एका खड्ड्यात तीन रोपे लावण्याचे कारण विद्यार्थ्यांस अवश्य समजावून द्यावे. पपईत नर व मादी झाडे सामान्यतः वेगवेगळी असतात. बी किंवा रोप पाहून हा भेद ओळखता येत नाही. एकच रोप लावले आणि ते नर निघाले, तर वर्षभराचे श्रम व्यर्थ जातात. पाच-सहा महिन्यांनी फुले येताच हा भेद उघड होतो. नराची फुले लांब देठांवर झुबक्याने लोंबतात. मादीचे फूल मोठे व खोडालगत असते. तेव्हा प्रत्येक खड्ड्यात एक मादी झाड राखून बाकीची काढावीत. मात्र परागीभवनासाठी बागेत एक नर ठेवावा. 'तैवान ७८६' सारख्या जातींच्या विकत घेतलेल्या बियाण्यात नर झाडे निघत नाहीत, सबब तेथे ही अडचण नसते.

पपईचे खोड मऊ असते. बुंध्याशी पाणी साचल्यास ते कुजते व भरल्या फळांसह झाड कोसळते. ह्यास्तव बुंध्याला मातीची भर द्यावी आणि पाणी सभोवारच्या आळ्यात सोडावे.

फळावर पिवळी छटा दिसू लागली व त्याचा चीक पाण्यासारखा पातळ झाला, की फळ उतरवावे.

जूनमध्ये लावलेले झाड पुढील उन्हाळ्यात, म्हणजे नेमके शाळेच्या सुटीत, फळास येते. शाळेच्या बागेत जी झाडे वाळतात ती बहुधा ह्याच दिवसांत. म्हणून सुटीपूर्वीच जवळ राहणाऱ्या मुलांच्या पाण्याच्या पाळ्या ठरवाव्यात आणि पहिले फळ पाणी घालणाऱ्या सर्वांनी वाटून खावे.