ब्रिटनमध्ये भारतीय लायसन्स: ऐकीव सल्ले आणि खरे नियम

लंडन, रेडिंग किंवा मँचेस्टरला नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला गाडीबद्दलचा पहिला सल्ला मिळतो तो मंडळाच्या गणपतीत, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण त्याने स्वतः टेस्ट दिली त्याला दहा वर्षं झालेली असतात. हेच सल्ले इथे तपासून पाहू. नियम इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सचे आहेत. उत्तर आयर्लंडचं खातं वेगळं.

‘आपलं लायसन्स वर्षभर चालतं, मग बदलून मिळतं’

पहिला भाग खरा, दुसरा साफ खोटा. लायसन्स देणारं खातं म्हणजे स्वान्झीचं डीव्हीएलए. ठरावीक देशांची लायसन्सं ते टेस्ट न घेता बदलून देतं. ऑस्ट्रेलिया, जपान, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका त्या यादीत आहेत, भारत नाही. त्यामुळे भारतीय लायसन्सवाल्याला लेखी (थिअरी) आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्याच लागतात. गंमत अशी की संयुक्त अरब अमिराती 2021 पासून यादीत आहे. दुबईत टेस्ट देऊन लायसन्स काढलं असेल तर ते बदलून मिळतं, पुण्याचं मिळत नाही.

हे बारा महिने तुम्ही इथले रहिवासी झालात त्या दिवसापासून मोजायचे, गाडी घेतली त्या दिवसापासून नव्हे. मध्ये दिवाळीला महिनाभर घरी जाऊन आलात म्हणून मोजणी पुन्हा शून्यावर येत नाही. विद्यार्थ्यांनाही हेच लागू. आणि या काळात भारतीय लायसन्सची मुदत संपली तर सवलतही तिथेच संपते, म्हणून निघण्याआधी तारीख बघून घ्या.

‘आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढलं की काळजी नाही’

ते परमिट म्हणजे मूळ लायसन्सचं भाषांतर. त्याने मुदत एका दिवसानेही वाढत नाही. आपलं लायसन्स इंग्रजीत असल्याने ब्रिटनमध्ये त्याची गरजही नसते.

‘वर्ष उलटलं तरी कोण विचारतंय?’

अपघात होईपर्यंत किंवा पोलिसांनी थांबवेपर्यंत कदाचित कुणी विचारणार नाही. थांबवलं की मात्र एका चुकीचे दोन गुन्हे होतात. लायसन्सशिवाय चालवल्याबद्दल 3 ते 6 पेनल्टी पॉइंट आणि 1,000 पौंडांपर्यंत दंड. शिवाय लायसन्स वैध नसेल तर विमाही सहसा ग्राह्य धरला जात नाही. विम्याविना गाडी चालवल्याचे 6 ते 8 पॉइंट, जागेवरचा दंड 300 पौंड, प्रकरण कोर्टात गेलं तर दंडाला कमाल मर्यादाच नाही, आणि गाडी जप्त होते ती वेगळीच. लायसन्स भारतीय असलं म्हणून पॉइंट सुटत नाहीत. डीव्हीएलए तुमच्या नावाने नोंद उघडतं आणि ते पॉइंट पुढे ब्रिटिश लायसन्सवर येतात.

‘पंधरा वर्षं गाडी चालवतोय, टेस्ट म्हणजे औपचारिकता’

हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो. टेस्टला बसणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोडे कमीच लोक पास होतात. आपल्याकडे आरटीओच्या मैदानात गाडी थोडी पुढेमागे केली की काम झालं, अशी टेस्ट अनेकांनी दिलेली असते. इथे परीक्षक शेजारी बसून सुमारे 40 मिनिटं भर रस्त्यावर फिरवतो. आधी 20 मीटरवरची नंबर प्लेट वाचून दाखवायची. टेस्टमध्ये त्याच्या सूचनांशिवाय, नॅव्हिगेशन किंवा पाट्या पाहून चालवण्याचाही भाग असतो. किरकोळ चुका 15 पर्यंत माफ असतात, पण एकच गंभीर चूक झाली की टेस्ट नापास.

गाडीवर हात बसलेली माणसं नापास होतात ती सवयींमुळे. रस्त्याची बाजू डावीच, म्हणून सगळं ओळखीचं वाटतं आणि फसायला होतं. डिपरचंच घ्या. आपल्याकडे समोरच्याने डिपर मारला तर ‘मी येतोय, थांब’. इथे बरेच ड्रायव्हर ‘तुम्ही जा’ म्हणून मारतात. हायवे कोड (वाहतुकीची सरकारी नियमपुस्तिका) मात्र सांगतो की डिपरचा अर्थ एकच, ‘मी इथे आहे’, आणि तो पाहून पुढे निघू नका. हॉर्नचंही तसंच: गाडी रस्त्यावर उभी असताना वाजवायचा नाही, आणि वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात मुळीच नाही, अपवाद फक्त दुसऱ्या वाहनाकडून धोका असण्याचा. 29 जानेवारी 2022 पासून वळताना त्या रस्त्याच्या तोंडाशी पलीकडे जायला थांबलेल्या पादचाऱ्यालाही आधी वाट द्यायची आहे. पुण्यात सिंहगड रोडवर हे करून पाहा, मागचे काय म्हणतील ते लिहिता यायचं नाही.

‘हळू चालवलं की सुरक्षित’ हेही चूक. रिकाम्या राउंडअबाउटवर उगाच ताटकळत राहिलात तर तीही चूक धरली जाते. उलट, स्टिअरिंग फिरवताना हात एकमेकांवरून गेले की नापास, ही नुसती अफवा. गाडी ताब्यात असली म्हणजे झालं.

‘थिअरी काय, रात्री वाचून जाऊ’

50 प्रश्नांपैकी 43 बरोबर हवेत. त्यानंतर 14 व्हिडिओ असतात, धोका तयार होताना दिसला की क्लिक करायचं, आणि 75 पैकी 44 गुण लागतात. सुटायला नको म्हणून सतत क्लिक करत राहिलात तर त्या व्हिडिओचे गुण शून्य. सराव केलेला बरा.

‘प्रोव्हिजनल काढलं की लगेच एल बोर्ड’

या भीतीने लोक प्रोव्हिजनलचा, म्हणजे शिकाऊ लायसन्सचा, अर्ज लांबवतात. बारा महिने संपेपर्यंत भारतीय लायसन्सवर एकट्याने, एल बोर्डाविना गाडी चालवता येते, प्रोव्हिजनल हातात असलं तरी. एल बोर्ड आणि शेजारी अनुभवी ड्रायव्हर लागतो तो त्यानंतर. टेस्ट ऑटोमॅटिकवर दिलीत तर लायसन्सही ऑटोमॅटिकपुरतंच मिळतं, हेही ध्यानात असू द्या.

आता तारखांचा हिशोब. थिअरी पास झाल्याशिवाय प्रत्यक्ष टेस्टची तारीख घेता येत नाही, आणि बऱ्याच केंद्रांवर रांग पाच-सहा महिन्यांची आहे. नापास झालात तर पुन्हा तीच रांग. टेस्टचं सरकारी शुल्क 62 पौंड, संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी 75. दलाल हीच तारीख कित्येक पट किमतीला विकतात, त्यांच्या नादी लागू नका. क्लास किती घ्यावेत याला कायद्याने किमान आकडा नाही, पण सवयी मोडण्यासाठी थोडे घ्याच. पैसे घेऊन शिकवणाऱ्याच्या काचेवर हिरवा अष्टकोनी बिल्ला आहे का, ते आधी पाहा.

मुक्काम निदान 185 दिवसांचा असेल, तर घर लागल्याबरोबर प्रोव्हिजनलचा अर्ज टाका. ऑनलाइन 34 पौंड लागतात. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा. हुबेहूब तशाच दिसणाऱ्या खासगी साइट त्याच कामाचे जादा पैसे घेतात.