राक्षसाला राक्षस कोणी केले?

फ्रँकेनस्टाईन म्हटले की चौकोनी डोक्याचा, मानेला बोल्ट लावलेला राक्षस डोळ्यांपुढे उभा राहतो. पण वाचकहो, हे त्या राक्षसाचे नाव नव्हेच! ते त्याला घडविणाऱ्या शास्त्रज्ञाचे आडनाव. त्या जिवाला नाव द्यावे असे कोणालाच वाटले नाही.

मेरी शेली या इंग्रज लेखिकेने १८१६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी ही कादंबरी लिहावयास घेतली. १८१८ साली ती लेखिकेच्या नावाविना प्रसिद्ध झाली. त्यातील शास्त्रज्ञ प्रेतांचे अवयव जोडून एक जीव निर्माण करतो आणि त्याचे रूप पाहताच पळ काढतो. तो जीव एका गरीब कुटुंबाच्या झोपडीआड लपतो. फटीतून ऐकून ऐकून बोलावयास शिकतो, वाचावयास शिकतो. रात्री गुपचूप त्यांच्यासाठी सरपण आणून ठेवतो. घरातील आंधळे म्हातारबाबा त्याच्याशी मायेने बोलतात. डोळस मुलगा मात्र त्याला काठीने झोडपून हाकलतो. मग तो सूडाने पेटतो.

१९३१ च्या हॉलिवूड चित्रपटाने या शिकलेल्या जिवाची वाचाच काढून घेतली. पडद्यावर तो नुसता गुरगुरतो!

आजच्या लेखकांनी ही कथा नव्याने सांगितली आहे. इराकचे अहमद सादावी यांच्या 'फ्रँकेनस्टाईन इन बगदाद' (२०१३) या अरबी कादंबरीत एक भंगारवाला बॉम्बस्फोटांत मेलेल्यांचे तुकडे गोळा करून एक देह शिवतो. कशासाठी? ते कचऱ्यात जाऊ नयेत, माणसासारखे त्यांचे दफन व्हावे म्हणून! तो देह उठतो, मेलेल्यांचा सूड घेतो आणि पुढे स्वतः टिकावे म्हणून निरपराधांनाही मारतो. या कादंबरीस २०१४ साली अरबी कादंबरीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखक व्हिक्टर लाव्हाल यांच्या 'डिस्ट्रॉयर' (२०१७) या चित्रकथेत शास्त्रज्ञ ही एक कृष्णवर्णीय आई आहे. पोलिसांच्या गोळीने मेलेल्या बारा वर्षांच्या लेकाला ती पुन्हा उठवते. मूळ कथेतला बाप निर्मितीला टाकून पळाला. ही आई लेकाला सोडत नाही.

दोनशे वर्षांत भीती बदलली, पण प्रश्न तोच राहिला. मुले भुताखेताच्या गोष्टी वाचत असतील तर रागावू नका. जवळ बसवून एवढेच विचारा: बाळा, या गोष्टीतल्या राक्षसाला राक्षस कोणी केले?