छोट्या यॉटची सफर : पैसे भरण्यापूर्वी

आपल्या मंडळातील बरेच सभासद आता निवृत्त झाले आहेत किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. मुले मार्गी लागली, घराचे कर्ज फिटले, पेन्शनची एकरकमी रक्कम हाती आली, की इतकी वर्षे दाबून ठेवलेली प्रवासाची हौस डोके वर काढते. हल्ली ‘मोठ्या क्रूझवरची गर्दी नको, दहा-बारा जणांच्या यॉटवरून दूरची बेटे पाहू, पक्षी, सील, देवमासे पाहू’ असे म्हणणारी मंडळी मला वरचेवर भेटतात. हौस उत्तम आहे. पण अशा सफरीत दोघांचे काही हजार पौंड सहज जातात, आणि बहुतेक जण बोट निवडतात ती माहितीपत्रकातील छायाचित्रे पाहून. माझे म्हणणे एवढेच की आधी आपले शरीर पाहावे, मग कागदपत्रे पाहावीत आणि पक्षी शेवटी पाहावेत.

लहान बोट म्हणजे किती लहान?

ब्रिटनमध्ये बारापेक्षा जास्त प्रवासी नेणारी बोट ‘प्रवासी जहाज’ ठरते आणि तिला अधिक कडक नियम लागू होतात. म्हणूनच स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांकडे जाणाऱ्या यॉटवर बहुधा बारा किंवा त्याहून कमी प्रवासी असतात. इक्वेडोरच्या गालापागोस बेटांवर एका मार्गदर्शकामागे जास्तीत जास्त सोळा पर्यटक असा नियम आहे, म्हणून तिथल्या लहान यॉट साधारण सोळा जणांच्या असतात.

याचा फायदा उघड आहे. सगळे एकदम किनाऱ्यावर उतरतात आणि मार्गदर्शकाला प्रत्येकाच्या शंकेकडे लक्ष देता येते. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अशा बोटीवर लिफ्ट नसते, सहसा डॉक्टरही नसतो, आणि लाटांवर ती मोठ्या जहाजापेक्षा जास्त हलते. झोपायला कधी एकावर एक बाक असतात, संडास-बाथरूम दोन-तीन केबिनना मिळून एक असते. बेटावर उतरायचे ते शिडीवरून रबरी होडीत आणि होडीतून ओल्या खडकावर. गुडघे दुखत असतील तर ‘उतरताना पाय किती वर उचलावा लागतो?’ हा प्रश्न निःसंकोच विचारावा.

घराजवळची परीक्षा

ही परीक्षा आपल्याला थोड्या खर्चात देता येते. पेम्ब्रोकशरमधील मार्टिन्स हेवनहून स्कोमर बेटावर बोट जाते. अंतर जेमतेम पाव तासाचे आहे, पण धक्क्यावरून बेटावर जायला ८७ उंच पायऱ्या चढाव्या लागतात. एप्रिल ते जुलै हा पफिनचा हंगाम असतो. २०२३ साली इथे ४०,००० हून अधिक पफिन मोजले गेले. त्या पायऱ्या न थांबता चढता आल्या आणि दिवसभर बेटावर फिरता आले, तर आठवड्याच्या सफरीचा विचार करायला हरकत नाही. पाव तासात बोट लागते की नाही हे मात्र नक्की कळत नाही. त्यासाठी गॅनेट पक्ष्यांच्या ग्रासहोम बेटाला फेरी मारून येणारी लांबची बोट घ्यावी. त्या बेटावर कोणालाच उतरू देत नाहीत, त्यामुळे सारा वेळ खुल्या समुद्रावर जातो आणि आपले पोट काय म्हणते ते समजते.

औषधे

बोट लागू नये म्हणून दुकानात मिळणाऱ्या गोळ्या सर्वांना चालत नाहीत. हायोसिन हे औषध काही प्रकारच्या काचबिंदूत आणि प्रोस्टेटमुळे लघवीला त्रास होणाऱ्यांना धोक्याचे ठरू शकते. सिनारिझिन पार्किन्सनच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. त्याने झोपही येते, म्हणून पहिली गोळी घरी घेऊन पाहावी. गोळी निघण्यापूर्वी घ्यायची असते. उलट्या सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

आपल्याकडे मधुमेह घरोघरी आहे. सतत उलट्या होऊन अंगातले पाणी कमी झाले तर मेटफॉर्मिनसारख्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. इन्सुलिनचे नियम वेगळे आहेत, ते आपल्या मनाने कधीही बंद करायचे नाही. हे सर्व निघण्यापूर्वी जी.पी. किंवा डायबेटिस नर्सकडून कागदावर लिहून घ्यावे. औषधे ठरलेल्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्तीची न्यावीत, कारण हवा बिघडली की बोट बंदरात अडकून पडते.

विमा

माझ्या मते हा सर्वांत महत्त्वाचा भाग. साध्या प्रवास विम्यात क्रूझचा समावेश असेलच असे नाही. अनेकदा त्यासाठी वेगळा हप्ता असतो. ‘समुद्रातून किंवा दूरच्या बेटावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च’ हे शब्द पॉलिसीत शोधावेत. गालापागोस बेटे इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १,००० किलोमीटरवर आहेत. तिथून आजारी माणसाला विमानाने हलवण्याचा खर्च सफरीच्या खर्चाहूनही मोठा होऊ शकतो. युरोपात चालणारे आपले आरोग्य कार्ड तिथे उपयोगी नाही.

रक्तदाब, कोलेस्टेरॉल, जुनी अँजिओप्लास्टी, रुग्णालयातील एखाद्या तपासणीची नुसती वाट पाहणे, जे काही विचारले जाईल ते सारे खरे सांगावे. ‘रक्तदाब काय, सगळ्यांनाच असतो’ असे म्हणून ती चौकट रिकामी सोडू नये. २०१२ च्या कायद्यानुसार ग्राहकाने निष्काळजीपणे किंवा जाणूनबुजून चुकीची माहिती दिली तर विमा कंपनीला दावा कमी करता येतो किंवा साफ नाकारता येतो. आजारामुळे कोणी विमा नाकारला किंवा फार महाग सांगितला, तर सरकारी ‘मनीहेल्पर’ सेवेकडे अशा रुग्णांचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांची यादी मिळते.

विमा डिपॉझिट भरतो त्याच दिवशी घ्यावा. निघण्याच्या आदल्या आठवड्यात घेतला तर मधल्या काळात आजारपणामुळे सफर रद्द झाल्यास काहीच हाती येत नाही.

भारतातून व्हिजिटर व्हिसावर आलेले आईवडील बरोबर असतील तर सफर ब्रिटनमधली असली तरी त्यांचा स्वतंत्र विमा हवा. रुग्णालयात दाखल होण्याची वेळ आली तर एन.एच.एस.ची सेवा त्यांना सहसा फुकट नसते.

पैशाचे संरक्षण

निवास आणि प्रवास एकत्र विकला जातो तेव्हा त्याला ‘पॅकेज’ म्हणतात, आणि २०१८ च्या नियमांप्रमाणे ते विकणाऱ्या कंपनीने आपले दिवाळे निघाल्यास ग्राहकांचे पैसे सुरक्षित राहतील अशी तरतूद ठेवावी लागते. ही तरतूद नेमकी कोणती, ते लेखी मागावे. सफरीत विमानप्रवास असेल तर ‘ॲटॉल’ प्रमाणपत्र मिळाले की नाही ते पाहावे.

शक्यतो क्रेडिट कार्ड वापरावे. १९७४ च्या ग्राहक पत कायद्याच्या ७५ व्या कलमाप्रमाणे १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीच्या खरेदीत विक्रेत्याबरोबर कार्ड देणारी बँकही जबाबदार असते. नुसते डिपॉझिट कार्डाने भरले तरी पूर्ण रकमेला हे संरक्षण मिळते. मात्र पैसे मधल्या एजंटाच्या खात्यात गेले तर हा हक्क तुटू शकतो. परदेशी कंपनीला बँकेतून थेट पैसे पाठवले तर हे संरक्षण मुळीच मिळत नाही. एकट्या प्रवाशाला केबिनसाठी किती जादा पडतात आणि डिझेल, बंदर शुल्क, प्रवेश शुल्क किमतीत आहे का, हेही विचारावे. गालापागोस उद्यानाचे प्रवेश शुल्क परदेशी प्रौढ पर्यटकांसाठी ऑगस्ट २०२४ पासून १०० वरून २०० डॉलर झाले आहे.

काय मिळेलच असे नाही

सेंट किल्डा हे हेब्रिडीजच्याही पश्चिमेला सुमारे ६४ किलोमीटरवरचे बेट. तिथले जगणे अशक्य झाल्यामुळे शेवटचे ३६ रहिवासी २९ ऑगस्ट १९३० रोजी बेट सोडून गेले. आजही वारा फिरला की बोटीला तिथे जाता येत नाही. माहितीपत्रकात ‘प्रयत्न करू’ असे लिहिलेले असते, तो शब्द दोनदा वाचावा. २०२२ साली पक्ष्यांच्या फ्लूमुळे फार्न बेटांवर उतरणे बंद केले होते, आणि त्याच साथीनंतर ग्रासहोमवरचे गॅनेट जवळजवळ निम्म्यावर आले. निसर्गाची हमी कोणी देत नाही. बेत बदलला तर पैसे परत मिळतात का, याचे उत्तर अटींमध्ये असते.

जेवणाचेही आधीच सांगावे. बोटीचे स्वयंपाकघर लहान असते. शाकाहारी आहोत, अंडे चालत नाही, हे बुकिंग करताना लेखी कळवावे. चिवड्याचे पाकीट न्यायला हरकत नाही, पण बेटांवर परक्या बिया आणि उंदीर पोहोचू नयेत म्हणून पिशव्या तपासतात. गालापागोसला ताजी फळे व बिया नेता येत नाहीत.

तेव्हा पैसे भरण्यापूर्वी कंपनीकडून पाच गोष्टींची लेखी उत्तरे घ्यावीत : बोटीचे सुरक्षा प्रमाणपत्र, बेटावर उतरण्याची पद्धत, वैद्यकीय मदत किती तासांवर आहे, पैशाचे संरक्षण, आणि बेत बदलल्यास परतावा. ज्या कंपनीला ही उत्तरे द्यायला आठवडा लागतो, तिच्या बोटीवर आठवडा काढायचा की नाही ते आपणच ठरवावे.