बॅटरी थंडीने बसत नाही

डिसेंबर लागला की खुलताबाद, म्हैसमाळ, कन्नडकडच्या शेतघरांत एक तक्रार हमखास ऐकू येते. महावितरणची लाइन नाही, सगळा भरवसा सोलरवर, आणि पहाटे चारलाच इन्व्हर्टर टूं टूं करायला लागतो. दोष अर्थातच थंडीला. त्यात मोबाइलवर कॅनडा-नॉर्वेतले व्हिडिओ बघून कोणी बॅटरीवर गोधडी टाकतं, तर कोणी आणखी एक बॅटरी घ्यायला निघतं. दोन्ही खटाटोप बहुतेक वेळा वाया जातात.

पहिला गैरसमज, हिवाळ्यात ऊन कमी म्हणून वीज कमी. युरोपात हे खरं आहे, मराठवाड्यात तितकं नाही. छत्रपती संभाजीनगर साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा जवळपास 11 तासांचा असतो आणि आभाळ स्वच्छ असतं. शिवाय सोलरच्या प्लेटांना ऊन हवं असतं, उष्णता नको असते. प्लेटचं तापमान 25 अंशांच्या वर गेलं की दर अंशामागे तिची ताकद साधारण 0.35 ते 0.4 टक्क्यांनी घटते. एप्रिल-मेमध्ये तापून 65 अंशांवर गेलेली प्लेट सातवा हिस्सा इथेच गमावते. दक्षिणेला नीट कललेली प्लेट डिसेंबरात जुलै-ऑगस्टपेक्षा जास्त वीज देते. आपल्याकडे सोलरचा खरा दुष्काळ पावसाळ्यात असतो.

मग बॅटरी डाऊन का होते? आधी सावली बघा. ‘प्लेटांवर सावली येत नाही, जूनमध्ये बसवताना मिस्त्रीने पाहिलंय’ असं लोक छातीठोकपणे सांगतात. जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा सावली पडणार कुठून? 21-22 डिसेंबरला तोच सूर्य भर माध्यान्हीला दक्षिणेकडे जेमतेम 47 अंश वर येतो. आपल्याकडे ही माध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या सुमारास होते. दक्षिणेला 20 फुटांचा लिंब असेल तर तेव्हा त्याची सावली 19 फूट पडते आणि सकाळी साडेनऊला 37 फुटांवर जाते. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, डिशची छत्री यांचंही तेच.

आणि सावली थोडी म्हणजे नुकसान थोडं, असाही हिशेब नसतो. प्लेटमधले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात. बहुतेक प्लेटांत त्यांचे तीन गट असतात, आणि एका सेलवर दाट सावली आली तरी तो अख्खा गट बाद होऊ शकतो. म्हणजे हातभर फांदी प्लेटची एक तृतीयांश वीज खाते. तेव्हा डिसेंबरातल्या एका दिवशी साडेनऊ, साडेबारा आणि साडेतीनला गच्चीवर जाऊन प्लेटांचे फोटो काढून ठेवावेत. नवी बॅटरी घेण्यापेक्षा फांदी छाटणं स्वस्त पडतं. जमलं तर प्लेटांचा कल हिवाळ्यापुरता 20 अंशांवरून 35च्या आसपास न्यावा.

धुळीचं तर बोलायलाच नको. पाऊस गेला की प्लेटा धुणारं कोणी उरत नाही, आणि पहाटेच्या दवात धुळीचा चिखल होऊन खालच्या कडेला त्याची पट्टी धरते. सकाळी प्लेट गार असतानाच साध्या पाण्याने धुवा.

आता सगळ्यात महागात पडणारा गैरसमज: दुपारी बाराला मीटरवर 14 व्होल्ट दिसले म्हणजे बॅटरी फुल झाली. चार्जिंग चालू असताना दिसणारा व्होल्टेज फसवा असतो. 150 एएचची ट्यूब्युलर बॅटरी निम्मी उतरली असेल आणि 15 अँपिअरने चार्ज होत असेल, तर 80 टक्क्यांपर्यंत ती तीनेक तासांत येते. उरलेले 20 टक्के भरायला पुढे तितकाच किंवा जास्त वेळ लागतो, कारण भरत आलेली बॅटरी करंट थोडा थोडाच घेते. नेमकं याच वेळी सकाळच्या सावलीने दोन तास खाल्लेले असतात आणि चारनंतर ऊन उतरतं. बॅटरी रोज 80-85 टक्क्यांवर अडकते, तिच्या आतल्या प्लेटांवर सल्फेट जमून कडक होतं आणि दोन हिवाळ्यांत ‘कंपनीने माल खराब दिला’ अशी बोंब सुरू होते. खरी स्थिती बघायची तर लोड आणि चार्जिंग दोन्ही बंद करून दोन तास थांबा. 12.6च्या आसपास आकडा म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी.

जड कामं सकाळी उरकू नयेत. दुपारी दोननंतर बॅटरी थोडाच करंट घेत असते, तेव्हा प्लेटांची उरलेली वीज मोटर-मिक्सरला वापरता येते. रात्र 13 तासांची असते, तिच्यासाठी साठा राखायला हवा. 150 एएच, 12 व्होल्ट म्हणजे 1800 वॅट-तास, त्यातले निम्मेच वापरावेत, म्हणजे 900. हजार वॅटची पाण्याची रॉड अर्ध्या तासात 500 संपवते. आंघोळीला बंबच बरा. 15 वॅटचे कॅमेरे-राउटर चोवीस तासांत 360 घेतात, आणि रिकामा चालू राहिलेला इन्व्हर्टर स्वतःही 10-20 वॅट खात असतो, हे कोणी धरतच नाही.

थंडीचं म्हणाल तर 10 अंशांवर लेड-ॲसिड बॅटरीची क्षमता दहाएक टक्क्यांनी कमी भासते, एवढंच. लिथियम फॉस्फेट बॅटरी शून्याखाली चार्ज करू नये हे खरं, पण ती काळजी लेहवाल्यांनी करावी. थंडीत लेड-ॲसिडला चार्जिंगचा व्होल्टेज जरा चढा लागतो, 12 व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे साधारण 0.02 ते 0.03. कंट्रोलरला तापमानाचा सेन्सर असेल तर तो बॅटरीला चिकटवा, भिंतीला नको. बॅटरीचा खरा वैरी उन्हाळ्यातली पत्र्याची खोली आहे: 25च्या वर दर 10 अंशांना तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. गोधडी टाकलीच असेल तर मार्चच्या आत काढा.

फरशीवर ठेवल्याने करंट जमिनीत उतरतो, ही समजूत लाकडी आणि रबरी डब्यांच्या जमान्यातली आहे. आजच्या प्लास्टिकच्या डब्याला फरशीने काही होत नाही. पाण्याबाबत मात्र तडजोड नको: बोअरचं नको, आरओचंही नको, फक्त डिस्टिल्ड. आणि बॅटरी ‘कमजोर’ झाली म्हणून वरून ॲसिड तर मुळीच टाकू नये.

शेवटचा घोटाळा सरकारी योजनांमुळे होतो. सौर कृषी पंपाच्या प्लेटा शेतात आहेतच, मग त्यावरच घर चालेल, असं अनेकांना वाटतं. पंपाच्या कंट्रोलरला बॅटरी चार्ज करता येत नाही. त्यासाठी घर आणि पंप दोन्ही चालवणारा वेगळा कंट्रोलर लागतो. शहरात पीएम सूर्य घर योजनेतून (2024) बसवलेला साधा ऑनग्रिड संचही लाइन गेली की भर उन्हात बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून तो मुद्दाम तसा बनवलेला असतो. शहरातल्या घरी हा संच बघून शेतावर तोच मागवणार असाल तर विक्रेत्याला आधी विचारा: लाइन नसताना हा चालू होतो का?