पाण्यातील जड धातू आणि तेलाचा पडदा

पाणी उकळले की ते निर्धोक झाले, ही समजूत जंतूंपुरती बव्हंशी खरी असली, तरी शिसे आणि कॅडमियम यांच्यापुढे ती टिकत नाही. वाफ निघून जाते, धातू भांड्यातच राहतात आणि उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण उलट वाढते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे शिसे 0.01 आणि कॅडमियम 0.003 मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. इतक्या अल्प मात्रेला ना रंग ना रुची, तेव्हा पाण्याच्या नितळपणाचा दाखला येथे गैरलागू होय.

असे धातू सांडपाण्यातून काढण्याची एक रीत म्हणजे द्रवपटल; दुसरा भ्रम त्यातील ‘पटल’ या नावाने होतो. पटल म्हणजे सूक्ष्म छिद्रांची चाळणी, असे गृहीत धरले जाते. परंतु नॉर्मन ली यांनी 1968 च्या अमेरिकी पेटंटात मांडलेले द्रवपटल हा निव्वळ द्रवाचा पातळ थर असतो. धातू काढण्याच्या कामी आम्लाचे सूक्ष्म थेंब तेलात घुसळून ते मिश्रण सांडपाण्यात ढवळतात, आणि तेलात विरघळलेला वाहक, नावाड्याप्रमाणे, पाण्याकडील काठावर धातूचा, उदाहरणार्थ जस्ताचा, आयन घेऊन त्याबदली हायड्रोजनचे आयन सोडतो व आतील आम्लाच्या काठावर नेमका उलट व्यवहार करतो. दोन्ही बाजूंच्या आम्लतेतील तफावत कायम असेतो धातू विरळ द्रावणातून दाट द्रावणातही चढत जातो. चाळणीला हे कदापि साधणारे नाही! ऑस्ट्रियातील लेन्झिंग येथे व्हिस्कोज धाग्याच्या कारखान्यात, 1986 च्या सुमारास, सांडपाण्यातील जस्त याच रीतीने काढण्यात आले.

धातू नाहीसा होतो, हेही खरे नव्हे. मूलद्रव्याचा नाश रसायनाने होत नाही, धातू केवळ आम्लाच्या हवाली होतो, आणि त्या आम्लाची पुढील तजवीज न लावणारा कारखानदार विषाची निव्वळ बदली करतो.

राहिला ‘पर्यावरणस्नेही’ हा किताब. पटलासाठी नेहमीच्या रॉकेलऐवजी सूर्यफुलाचे वा सोयाबीनचे तेल वापरण्याचे प्रयोग स्वागतार्ह आहेत, कारण निसटलेले तेल निसर्गात कुजून जाते. मात्र ते अधिक दाट असल्याने धातूची वाहतूक मंदावते, आणि वाहक बहुधा कृत्रिमच राहतो. केवळ तेल बदलून हा किताब बहाल करणे मला घाईचे वाटते.

घरच्या नळाला जोडण्याचे हे साधन नव्हे; त्याची जागा कारखान्याच्या सांडपाण्याच्या नाल्याआधी आहे.